रंग नंतर, आधी रेषा बघा!

पहिला स्टायपेंड हातात आला की कुणी आईला साडी घेतं, कुणी मित्रांना पार्टी देतं. मी गॉगल घेतला. तोही साधासुधा नाही, लाकडी! ऑनलाइन फोटोत भारी दिसत होता. खाली लिहिलं होतं, ‘प्युअर रोजवूड, हँडमेड, इको-फ्रेंडली’. किंमत १,८०० रुपये. एप्रिलमध्ये घेतला, मे महिनाभर इन्स्टावर मिरवला आणि जुलैतल्या एका दुपारी एफसी रोडवर बॅगेतून काढताना कट्‌कन आवाज आला. डाव्या काचेच्या बाहेरच्या बाजूला, काडीजवळ, फ्रेमला आडवी चीर गेली होती. त्यावर कुणी बसलं नव्हतं, तो पडलाही नव्हता.

विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘नॅचरल मटेरिअल आहे, वॉरंटी नाही.’ चष्मेवाल्याने तर हातच जोडले. शेवटी मी कसबा पेठेतल्या एका सुतारकाकांकडे गेले. त्यांनी तुटलेलं टोक उजेडात धरलं, नखाने खरवडलं आणि हसले. ‘हे बघ पोरी, रंग वरवरचा आहे. आतून पिवळट. शिसम आतूनसुद्धा काळपट असतं. आणि टोकाला हे बारीक ठिपके दिसतायत ना? हे लाकूडच नाही, बांबू आहे.’

म्हणजे माझं ‘प्युअर रोजवूड’ हे रंगवलेलं गवत होतं! (हो, बांबू हे गवत आहे. त्यावर पुढे येतेच.) पण काकांचं पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं होतं. ‘खरं शिसम असतं तरी इथेच तुटलं असतं. लाकूड कुठलं ते नंतर विचार. आधी त्याची रेषा कुठे जाते ते बघ.’

हा लेख त्या वाक्यावरच आहे. तुम्हीही लाकडी गॉगल घ्यायच्या विचारात असाल, तर दोन मिनिटं थांबा आणि वाचा.

खराटा आठवा

लाकूड म्हणजे बारीक तंतूंची जुडी. अंगण झाडायचा खराटा असतो ना, तसं. खराट्याची अख्खी जुडी मधोमध मोडायला जा, घाम निघेल. पण काड्या एकमेकींपासून वेगळ्या करायला काहीच जोर लागत नाही. लाकडाचंही तेच. रेषेवर आडवा घाव घातला तर ते तग धरतं, रेषेच्या दिशेने मात्र सहज फाटतं. पटत नसेल तर आइस्क्रीमची काडी घ्या. मधे मोडायला बोटं दुखतील, लांबीत मात्र ती नखानेही चिरता येईल.

आता गॉगल डोळ्यासमोर आणा. त्याच्या काड्या लांब आणि सरळ, रेषाही लांबीतच जाते. तिथे फारशी अडचण नाही. खरी गोम समोरच्या भागात आहे. एकाच फळीतून तो कापला तर रेषा आडवी, म्हणजे एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाते. भुवयांखालची पट्टी आणि नाकावरचा पूल मजबूत राहतात. पण काचेच्या दोन्ही बाजूंना फ्रेम उभी होते आणि रेषा मात्र आडवीच राहते. तिथे लाकूड चार-पाच मिलिमीटर रुंद आणि तंतू त्याहून लांब नाहीत. माझा गॉगल नेमका तिथेच गेला. तुमच्या मित्राचा तुटला असेल तर त्यालाही विचारून बघा, बहुतेक तिथेच तुटला असेल.

यावर उपाय जुनाच आहे, प्लायवूडचा. लाकडाच्या पातळ चकत्या काढायच्या, एका थराची रेषा आडवी, दुसऱ्याची उभी, असं करत चिकटवायच्या. मग कुठूनही ताण आला तरी एखादा थर तो झेलतो. स्केटबोर्डही असंच बनतं, साधारण मेपलच्या सात थरांचं. शिवाय पातळ थर साच्यात दाबून वळवता येतात, त्यामुळे फ्रेम चेहऱ्याच्या गोलाईला धरून बसते. एकसंध फळीतून ती गोलाई काढायची तर जाड ठोकळा घेऊन बराचसा भाग भुसा करावा लागतो.

‘वन पीस सॉलिड वूड’ असं वाचून आपण खूश होतो, पण गॉगलच्या बाबतीत थरांची फ्रेम सरस. थरांच्या फ्रेमची कमजोरी म्हणजे गोंद. तो हलका असेल तर पावसात आणि घामात पापुद्रे सुटतात.

आणि आपला पावसाळा

पावसाळ्यात घरातलं दार घट्ट होतं, लावायला खांदा द्यावा लागतो. हवेतलं पाणी पिऊन लाकूड फुगतं आणि हिवाळ्यात पुन्हा आक्रसतं. गंमत म्हणजे ते रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. गॉगलमध्ये काच ज्या खाचेत बसते ती खाच यामुळे कधी सैल होते, कधी घट्ट. बिजागरीचे स्क्रू ढिले होतात. पुण्यात हे कमी, मुंबईत आणि कोकणात जास्त. म्हणून लाकूड निवडताना पहिला प्रश्न ‘दिसतं कसं’ हा नको, ‘फुगतं किती’ हा हवा.

मग लाकूड कुठलं?

साग : फुगण्या-आक्रसण्यात सर्वात शहाणं लाकूड. अंगातच तेल असतं, त्यामुळे पाणी आणि कीड लवकर शिरत नाही. जहाजांच्या डेकला उगाच वापरत नव्हते! चंद्रपूर-बल्लारशाचा साग २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला. अवगुण दोन. सागात सिलिका असते, ती हत्यारांची धार घालवते. आणि त्याच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही, म्हणून चिकटवायच्या आधी पृष्ठभाग पुसून घ्यावा लागतो. कारागिराने ही पायरी गाळली तर थर सुटणार.

शिसम : इथे नावाचा घोळ आहे. आपल्या सह्याद्रीतला शिसव वेगळा, उत्तरेतला शीशम वेगळा. दोघे एकाच कुळातले, भाऊ म्हणा. सह्याद्रीतला तो ‘इंडियन रोजवूड’. जांभळट काळी झाक, दणकट, पॉलिश घेतो ते सुंदर. पण तो दुर्मीळ होत चाललाय. या कुळातल्या झाडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून ‘साइटिस’ कराराच्या नियंत्रणाखाली आहे. छोट्या तयार वस्तूंना नंतर सवलत मिळाली, पण लाकूड कुठून आलं हा प्रश्न उरतोच. दुसरं म्हणजे या कुळातल्या लाकडांमधल्या काही रसायनांची काही जणांना त्वचेवर ॲलर्जी येते. सुतारांना हे चांगलं माहीत असतं. गॉगल तर नाकावर, कानावर, घामात तासन्‌तास बसतो. तुमची त्वचा नाजूक असेल तर वरचं फिनिश पक्कं आहे ना, हे आधी बघा.

अक्रोड : ‘वॉलनट’ लिहिलेल्या फ्रेम बाजारात खूप दिसतात. हे लाकूड कोरायला सोपं, वाकडं होत नाही, म्हणूनच बंदुकांचे दस्ते पिढ्यान्‌पिढ्या अक्रोडाचे बनत आले. काश्मीरची नक्षीदार खोकी आणि टेबलं तुम्ही पाहिली असतील, तेच हे. तिथे अक्रोडाचं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९६९ पासून तसा कायदा आहे. गॉगलसाठी गुणाने उत्तम. फक्त ते काश्मीरचं आहे की परदेशातलं, हे विचारायला हरकत नाही.

आबनूस, म्हणजे एबनी : काळं कुळकुळीत. इतकं जड की पाण्यात बुडतं. दिसायला राजेशाही, पण ठिसूळ. बारीक फ्रेममध्ये हा स्वभाव नडतो. आपल्याकडची टेंभुर्णी याच्याच कुळातली, जिच्या पानांच्या विड्या वळतात. स्वस्तातला गॉगल ‘एबनी’ म्हणून मिळत असेल तर तो रंगवलेला असण्याचीच शक्यता जास्त.

रक्तचंदन : ‘पुष्पा’ पाहिलाय ना? मग जास्त सांगत नाही. हे झाड मूळचं आंध्रच्या आसपासच्या पूर्व घाटातलं, दुसरीकडे जंगलात सापडत नाही आणि त्याच्या तस्करीची कहाणी सिनेमाइतकीच खरी आहे. कुणी ‘रेड सँडलवूड फ्रेम’ म्हणून दाखवली तर ती एक तर खोटी, नाहीतर तिचे कागद मागण्यासारखे. दोन्हीत तुमचं डोकं दुखणार.

आंबा : स्वस्त, भरपूर आणि फळं देणं थांबलेल्या झाडांचं लाकूड वापरात येतं, ही जमेची बाजू. पण किडीचा लाडका. नीट सुकवलेलं, प्रक्रिया केलेलं असेल तरच घ्या.

बांबू : आता आपलं गवत. बांबू तीन-चार वर्षांत तोडायला तयार होतो आणि तोडल्यावर त्याच बेटातून पुन्हा कोंब येतात. झाडासारखी पन्नास वर्षं वाट बघावी लागत नाही. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेतकऱ्याला बांधावरचा बांबू तोडणं आणि नेणं सोपं झालं. सिंधुदुर्गात ‘माणगा’ नावाचा बांबू होतो, जवळपास भरीव. कुडाळच्या ‘कॉनबॅक’ या संस्थेने कोकणातल्या बांबूपासून फर्निचर आणि घरंही उभी केली आहेत. म्हणजे कच्चा माल आपल्या दारात आहे.

पण बांबूत पिठूळ अंश भरपूर, म्हणून भुंगेरे त्याला आतून पोखरतात. त्यावर बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया लागते. आणि फाटण्यात तर तो लाकडाच्याही पुढे, बुरूड एका कोयत्याने त्याच्या लांबच लांब पट्ट्या काढतात ते उगाच नाही. म्हणून बांबूची फ्रेम थर आडवे-उभे लावलेलीच हवी. माझ्या गॉगलमध्ये सगळ्या पट्ट्या एकाच दिशेने होत्या. बांबूचा दोष नव्हता, बनवणाऱ्याचा होता. आणि विकताना त्याला बांबू म्हणायची लाज वाटली, हा दुसरा दोष.

वजनाचं काय?

‘हलकं लाकूड घ्या’ असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. मी कॅल्क्युलेटर काढला. एका फ्रेममध्ये समजा २० घनसेंटिमीटर लाकूड धरलं. सागाची घनता साधारण ०.६५, म्हणजे १३ ग्रॅम. शिसवाची साधारण ०.८३, म्हणजे साडेसोळा ग्रॅम. फरक साडेतीन ग्रॅमचा. एक रुपयाचं नाणंही साधारण तेवढंच भरतं! आबनूस सोडला तर वजनावरून लाकूड निवडण्यात फारसा अर्थ नाही. नाकावर रुततो तो वाईट बसणारा गॉगल.

आणि बसण्याबाबत लाकूड हट्टी आहे. तुमचा नेहमीचा चष्मा सैल झाला की चष्मेवाला काडी गरम करतो आणि हवी तशी वाकवतो. लाकडाला ती सोय नाही. म्हणून दुकानात घालून बघा, मान खाली घाला, जोरात हसा. गालाला टेकला किंवा घसरला तर तो आयुष्यभर तसाच राहणार. नंबरच्या काचा बसवायच्या असतील तर आधी तुमच्या चष्मेवाल्याला विचारा. गरम करून काच बसवता येत नसल्याने बरेच जण नाही म्हणतात.

‘इको-फ्रेंडली’ची गंमत

आपण प्लॅस्टिक सोडून लाकडाकडे वळतो. पण चष्म्याच्या दुकानात ज्या चकचकीत फ्रेमला ‘ॲसिटेट’ म्हणतात, ते सेल्युलोजपासून बनतं, म्हणजे कापसाच्या तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून! म्हणजे फ्रेम झाडातून आली एवढ्यावर काही ठरत नाही. लाकूड कुठल्या जंगलातून आलं, किती वाया गेलं आणि गॉगल किती वर्षं टिकला, यावर सगळं ठरतं. तीन महिन्यांत कचऱ्यात जाणारा लाकडी गॉगल इको-फ्रेंडली कसा? माझा तर दहा हजार स्टोऱ्या टाकूनही झाला नसता.

आपल्या आजी-आजोबांना हे शिकवावं लागलं नाही. बैलगाडीचं चाक बाभळीचं, तबल्याचं खोड शिसमचं, सावंतवाडीची रंगीत फळं पांगाऱ्याची किंवा आंब्याची. पांगारा हलका, मऊ, खेळण्याला झकास. त्याचं चाक कुणी केलं नाही आणि बाभळीचं केळं कुणी कोरलं नाही. प्रत्येक लाकडाला त्याचं काम नेमून दिलेलं होतं. आपण मात्र फोटोतला रंग बघून ‘ॲड टू कार्ट’ करतो.

आजीचा पाट

काकांनी शेवटी विचारलं, ‘घरात जुनं सागवान आहे का काही?’ होतं. आजीचा जेवणाचा पाट. एक पाय मोडलेला, माळ्यावर पडलेला. पण त्याला करवत लावायची म्हणजे… आई म्हणाली, ‘काही नको, राहू दे आठवण.’ मीही दोन दिवस घुटमळले. आजीलाच विचारलं. ती म्हणाली, ‘अगं, पाट बसायला असतो. माळ्यावर धूळ खातोय त्यापेक्षा तुझ्या नाकावर बसला तर काय वाईट?’

जुन्या सागाचा एक फायदा असतो. ते लाकूड कितीतरी पावसाळे बघून झालेलं असतं, त्याचं जे काही वाकडं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. वाडे पाडताना निघालेलं सागवान म्हणूनच हातोहात खपतं. काकांनी पाटातून पातळ चकत्या काढल्या, मधली आडवी फिरवून चिकटवल्या आणि दोन दिवस शिकंज्यात ठेवल्या. बिजागऱ्या आणि काचा माझ्या तुटक्या गॉगलच्याच. पहिली फ्रेम नाकापाशी तडकली, कारण मला ती फार बारीक हवी होती. ‘फॅशन नंतर कर, आधी लाकडाला जागा दे,’ असं ऐकून घ्यावं लागलं. दुसरी जमली.

नंतर वाचनात आलं की अमेरिकेत पोर्टलँडच्या ‘श्वूड’ कंपनीची सुरुवातही अशीच झाली होती. एरिक सिंगर नावाच्या तरुणाने मॅड्रोन झाडाची फांदी, कपाटाच्या जुन्या बिजागऱ्या आणि जुन्या काचा घेऊन पहिला गॉगल बनवला. २००९ मध्ये त्याचा ब्रँड झाला. मी काही ब्रँड काढत नाहीये. पण तुमच्यापैकी कुणी डिझाइनला किंवा आयटीआयला असाल, तर हा प्रोजेक्ट वाईट नाही!

माझा नवा गॉगल जरा जाड आहे. एक मैत्रीण म्हणाली, ‘आजोबांचा वाटतो.’ मी म्हटलं, ‘आजीचा आहे.’ अख्खा सप्टेंबर तो माझ्या बॅगेत होता. अजून कट्‌ आवाज आलेला नाही.

घेण्याआधी हे बघाच

• फ्रेमची कड निरखा. थरांच्या रेघा दिसतात का? दिसल्या तर चांगलं. एकसंध फळी असेल तर काचेच्या बाजूचा उभा भाग रुंद आहे ना ते बघा.

• खरा रंग काचेच्या खाचेत आणि बिजागरीच्या स्क्रूपाशी कळतो. बाहेर काळं आणि आत पिवळट असेल तर रंग दिलाय.

• ‘रोजवूड’, ‘एबनी’ अशा नावांवर भुलू नका. लाकूड कुठल्या झाडाचं, कुठून आलं, असं सरळ विचारा. उत्तर येत नसेल तर पुढे चला.

• बिजागरी स्प्रिंगची असेल तर उत्तम. काडी बाहेर ताणली तरी ताण लाकडावर येत नाही.

• काचेवर यूव्ही ४०० असल्याची खात्री करा. नुसत्या काळ्या काचेमागे बुबुळाची बाहुली मोठी होते आणि अतिनील किरणं उलट जास्त आत जातात. फ्रेम कितीही देखणी असली तरी डोळे तुमचे आहेत.

• गॉगल डोक्यावर सरकवून ठेवायची सवय सोडा, फ्रेम फाकते. घाम पुसून ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर तापत ठेवू नका.

• बजेट कमी असेल तर थरांचा, प्रक्रिया केलेला बांबू घ्या आणि ‘बांबूचा आहे’ असं ताठ मानेनं सांगा. थोडे जास्त पैसे असतील तर साग किंवा अक्रोड. आणि माळ्यावर एखादा मोडका पाट असेल, तर आधी आजीला विचारा.